बंद केलेले क्रेडिट कार्ड पुन्हा घेताना

गेल्या कोजागिरीला कार्यक्रम आटोपल्यावर मसाला दूध घेत गच्चीवर उभे असताना एका सभासद मित्राने आम्हाला विचारले, "तुम्ही बँकेत होतात म्हणून विचारतो. तीन वर्षांपूर्वी क्रेडिट कार्ड बंद केले. आता पुन्हा हवे आहे, तर बँक नाही म्हणते. एक पैसा थकवला नव्हता हो!" त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या दोघांनी लगेच आपापली कहाणी सांगायला सुरुवात केली. दूध निवून गेले. त्या रात्रीच ठरवले, की हा विषय आपल्या संकेतस्थळावर एकदा नीट लिहावा. त्याला आणखी एक कारण आहे. छत्तीस वर्षे बँकेत काढूनही आम्ही स्वतः या बाबतीत चांगलेच तोंडघशी पडलो होतो. ते आधी सांगतो.

आम्ही मे 2019 मध्ये निवृत्त झालो. पगार थांबला, खर्च आवरते घ्यायचे, म्हणून जूनमध्ये आमचे एकुलते एक क्रेडिट कार्ड बंद करून टाकले. फोन केला, शेवटचे बिल भरले, कात्रीने कार्डाचे चार तुकडे केले आणि विषय संपला असे समजलो. कार्ड आमच्याच बँकेचे नव्हते, दुसऱ्या एका खाजगी बँकेचे होते. तिचे नाव इथे घेत नाही.

पाच वर्षांनी, 2024 च्या सुरुवातीला, मुलीकडे मेलबर्नला जायचे ठरले. वाटेत सिंगापूरला दोन दिवस मुक्काम होता. तिथल्या हॉटेलने ठेव म्हणून क्रेडिट कार्ड मागितले, डेबिट कार्ड चालणार नाही म्हणाले. आम्ही निर्धास्तपणे जुन्याच बँकेकडे अर्ज केला. चार दिवसांत नकार आला. राग आला म्हणून त्याच पंधरवड्यात आणखी दोन बँकांकडे अर्ज टाकले. तिथूनही नकार. लोकांचे कर्जाचे अर्ज तपासण्यात ज्याची हयात गेली, त्याचाच अर्ज तीन ठिकाणी परत! शेवटी हॉटेलसाठी मुलीने तिचे कार्ड दिले. रक्कम फार नव्हती, पण मन खट्टू झाले.

मग जे पहिल्यांदा करायला हवे होते ते शेवटी केले. पतमाहितीचा अहवाल, म्हणजे ज्याला सगळे 'सिबिल' म्हणतात, तो काढून वाचला. त्यात आमचे कात्रीने कापलेले कार्ड जिवंत होते. नुसते जिवंत नव्हे, तर त्यापुढे 'राइट-ऑफ' असा शेरा आणि सहा हजारांवर थकबाकी!

झाले होते ते असे. आमची बंद करण्याची विनंती फोनवरच्या माणसाने घेतली, पण खाते प्रत्यक्षात बंद झालेच नाही. ऑगस्टमध्ये वार्षिक शुल्क लागले, 500 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटीचे 90. बिल गेले आमच्या ऑफिसच्या ईमेलवर, जो निवृत्तीबरोबरच बंद झाला होता. 590 रुपयांवर व्याज आणि उशिराचा दंड चढत गेला. वसुलीचे फोनही आले असावेत, पण अनोळखी नंबर दिसला की फोन कापायचा, हे आम्हीच घरात सर्वांना शिकवले होते. काही काळाने बँकेने ती रक्कम राइट-ऑफ केली. या शब्दाने पुष्कळांचा गैरसमज होतो. राइट-ऑफ म्हणजे माफी नव्हे. बँक आपल्या पुस्तकांपुरती ती रक्कम बुडीत धरते, पण येणे कायम राहते आणि ग्राहकाच्या अहवालात तो डाग उमटतो.

अर्जाच्या वेळी बँक नेमके काय पाहते, ते आता पाहू. क्रेडिट कार्ड ही काही बँक खात्यासारखी ठेव नाही, ते कर्जच आहे. खाते एकदा पूर्ण बंद झाले की साधारणपणे तेच पुन्हा उघडत नाही. नवा अर्ज, नवी केवायसी, नवा क्रमांक. आणि नवा अर्ज म्हणजे बँक आपल्याला आज आपण जसे आहोत तसे जोखते. पंधरा वर्षांपूर्वी कार्ड मिळाले तेव्हा आपण पगारदार होतो, चाळिशी-पन्नाशीत होतो. आज पेन्शनर आहोत, कुणी पासष्टीचे, कुणी सत्तरीचे. काही बँका एका वयापुढे नेहमीच्या कार्डाचा नवा अर्ज घेतच नाहीत. जुने कार्ड चालू ठेवणाऱ्या त्याच वयाच्या ग्राहकाला मात्र त्या काही म्हणत नाहीत. कार्ड बंद करताना हा फरक कुणी सांगत नाही. आम्ही बँकेत असूनही आमच्या डोक्यात आला नव्हता.

तेच कार्ड परत मिळेल हेही गृहीत धरू नये. सिटीबँकेची कार्डे ज्यांच्याकडे होती त्यांना आठवत असेल, 1 मार्च 2023 ला तो सगळा व्यवसाय अॅक्सिस बँकेकडे गेला. रिझर्व्ह बँकेनेही काही वेळा मोठ्या बँकांना नवी कार्डे देण्यास मनाई केली आहे. एचडीएफसी बँकेवर डिसेंबर 2020 पासून ऑगस्ट 2021 पर्यंत, कोटक महिंद्र बँकेवर एप्रिल 2024 पासून फेब्रुवारी 2025 पर्यंत अशी बंदी होती. त्या काळात जुने कार्डधारक कार्ड वापरत होते, पण बाहेर पडलेल्याला परतीचे दार बंद होते.

दुसरी गोष्ट अहवालाची. आपल्या देशात अशा चार पतमाहिती कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. सिबिल सर्वांत जुनी, 2000 सालची, म्हणून तिचेच नाव सगळ्यांना चिकटले, जसे वनस्पती तुपाला डालडा. स्कोअर 300 ते 900 असतो. नीट फेडून बंद केलेले कार्ड अहवालात पुढेही अनेक वर्षे दिसते, आणि ते चांगलेच असते. मात्र तेच आपले एकमेव कर्ज असेल आणि नंतर काही वर्षे दुसरे काहीच घेतले नसेल, तर स्कोअरच्या जागी 'नो हिस्टरी' किंवा उणे एक असा शेरा येऊ शकतो. आयुष्यभर कुणाचे देणे न ठेवणाऱ्या सज्जनाला संगणक 'ओळखत नाही' म्हणतो, ते असे. आपल्या मराठीत पत म्हणजे माणसाचा लौकिक. बेगम बाजारातल्या व्यापाऱ्याला समोरच्याची पत त्याच्या आजोबांपासून ठाऊक असायची. या यंत्राला फक्त कर्ज आणि त्याची परतफेड एवढेच कळते.

ज्यांच्याकडे दोन कार्डे आहेत त्यांनी एक हिशेब ध्यानात ठेवावा. समजा, एकाची मर्यादा एक लाख, दुसऱ्याची पन्नास हजार, आणि महिन्याचा खर्च तीस हजार. दीड लाखात तीस हजार म्हणजे 20 टक्के वापर. एक लाखाचे कार्ड बंद केले तर त्याच तीस हजारांचा वापर 60 टक्के दिसू लागतो. खर्च एका रुपयाने वाढलेला नाही, तरी स्कोअर घसरू शकतो. बंदच करायचे तर सहसा नवे आणि कमी मर्यादेचे कार्ड बंद करावे, जुने ठेवावे.

आमची तिसरी चूक म्हणजे रागाच्या भरात टाकलेले अर्ज. आपण अर्ज केला की बँक अहवाल मागवते आणि त्या चौकशीची तारखेसह नोंद होते. पंधरा दिवसांत तीन चौकश्या दिसल्या की पुढच्या बँकेला वाटते, हा गृहस्थ पैशासाठी दारोदार फिरतो आहे. आपण स्वतः आपला अहवाल पाहिला तर मात्र स्कोअर कमी होत नाही. ही भीती विनाकारण पसरली आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. तो त्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच काढावा. मधल्या अॅपवाल्यांकडून काढला की दुसऱ्या दिवसापासून कर्ज देणाऱ्यांचे फोन सुरू होतात.

आता आमच्या डागाचे काय झाले ते सांगतो. नकाराचे कारण म्हणून बँकेने आधी 'अंतर्गत धोरण' एवढेच कळवले होते. रिझर्व्ह बँकेने 21 एप्रिल 2022 ला क्रेडिट आणि डेबिट कार्डांविषयी जे निर्देश काढले, त्यांत अर्ज नाकारल्यास नेमके कारण लेखी कळवावे असे म्हटले आहे. आम्ही तो आधार देऊन ईमेल केला, तेव्हा 'अहवालातील प्रतिकूल नोंद' हे उत्तर आले. मग पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर वाद नोंदवला. ही कंपनी स्वतःहून काही बदलत नाही, ती बँकेला विचारते आणि बँक हो म्हणाली तरच नोंद दुरुस्त होते. बँकेने कळवले की बंद करण्याची विनंती आमच्या दप्तरी नाही.

याच सुमारास वसुली एजंटचा फोन आला. या वेळी आम्ही तो घेतला. "साब, दो हज़ार भर दो, मामला खतम," असे तो अगदी मायेने म्हणाला. सहा हजारांचे दोन हजार, खरे तर मोह पडावा. पण कमी पैसे घेऊन मिटवलेले खाते अहवालात 'क्लोज्ड' नव्हे, 'सेटल्ड' म्हणून दिसते. ते वाचणारा पुढचा अधिकारी समजतो, की याने पूर्ण देणे दिले नाही. आणि इथे तर मुळात देणेच नव्हते. आम्ही नाही म्हणालो. खरे देणे असेल आणि ऐपत असेल तर पूर्ण भरावे, तसे पत्र घ्यावे. तडजोड हा अगदी नाइलाजाचा मार्ग आहे.

पण पुरावा कुठून आणायचा? आम्ही, आयुष्यभर इतरांना 'पावती जपून ठेवा' सांगणारे, आमच्याकडे कागदाचा चिटोरा नव्हता. तो सापडला सौ.च्या हिशेबाच्या वहीत. दूधवाला, गॅस, कामवाली यांच्यामध्ये 2019 च्या जूनमध्ये एक ओळ होती: कार्ड बंद, फोन केला, आणि पुढे विनंतीचा क्रमांक. फोनवर आम्ही तो क्रमांक मोठ्याने म्हटला तेव्हा शेजारी बसून तिने टिपून ठेवला होता. त्या पानाचा फोटो आणि क्रमांक बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पाठवल्यावर जुने रेकॉर्ड निघाले. शुल्क, व्याज, दंड सगळे उलटवले गेले, खाते 'क्लोज्ड' आणि शून्य बाकी झाले. या सगळ्याला अडीच महिने लागले.

आता नियम बरेच ग्राहकाच्या बाजूचे आहेत आणि आपल्या लोकांना ते माहीत नसतात. 2022 च्या निर्देशांप्रमाणे सर्व येणे फेडलेले असेल तर बंद करण्याची विनंती सात कामाच्या दिवसांत पुरी करावी लागते. उशीर केल्यास बँकेने ग्राहकाला दिवसाला 500 रुपये द्यायचे. पोस्टानेच पत्र पाठवा असा हट्ट धरता येत नाही. ईमेल, अॅप, संकेतस्थळ, फोन यांतला कोणताही मार्ग चालतो, आणि खाते बंद झाल्याचे ताबडतोब कळवावे लागते. खात्यात आपलेच पैसे जादा राहिले असतील तर ते बँक खात्यात परत द्यायचे. पतमाहिती कंपनीलाही 30 दिवसांत कळवायचे. उलट बाजूही पाहा: वर्षाहून अधिक काळ कार्ड वापरलेच नाही तर बँक ग्राहकाला कळवून, 30 दिवसांत उत्तर न आल्यास, स्वतःच ते बंद करू शकते. तेव्हा कपाटात 'असू दे' म्हणून ठेवलेले कार्डही एक दिवस नाहीसे होऊ शकते. सहा महिन्यांतून एकदा औषधांचे किंवा विजेचे बिल त्यावर भरावे आणि वेळेत फेडावे.

अहवालातील चुकीबद्दल तक्रार केल्यावर 30 दिवसांत ती सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम एप्रिल 2024 च्या अखेरीस लागू झाला. तरीही बँक दाद देत नसेल, किंवा 30 दिवस उत्तरच आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी फोन 14448.

आपल्या शहरापुरती एक गोष्ट. हैदराबादकरांची जुनी खाती ज्या दोन बँकांत प्रामुख्याने होती, त्या दोन्ही आता त्या नावाने राहिलेल्या नाहीत. स्टेट बँक ऑफ हैदराबाद 1 एप्रिल 2017 ला स्टेट बँकेत गेली, आणि आंध्र बँक 1 एप्रिल 2020 ला युनियन बँकेत. आंध्र बँकेचे क्रेडिट कार्ड तर 1981 चे, देशातल्या अगदी पहिल्या कार्डांपैकी. आपल्यातल्या काही ज्येष्ठांच्या पाकिटात ते मोठ्या ऐटीत असायचे. अशा बँकेच्या जुन्या कर्जाची किंवा कार्डाची चुकीची नोंद अहवालात निघाली तर 'ती बँकच नाही, आता कुणाला विचारू' असे म्हणून सोडू नये. जिच्यात ती विलीन झाली त्या बँकेने उत्तर द्यायचे असते.

डाग पुसला तरी आम्हाला लगेच कार्ड मिळाले नाही. कारण डाग गेल्यावर मागे काहीच उरले नव्हते! इथे कामी आले ते एफडीवरचे कार्ड. जुलै 2024 मध्ये 50,000 रुपयांची एफडी केली, बँकेने तिच्यावर 40,000 मर्यादेचे कार्ड दिले. उत्पन्नाचा दाखला नको, स्कोअरची फारशी चौकशी नाही. एफडीवर नेहमीचे व्याज मिळत राहते, फक्त कार्ड आहे तोवर ती मोडता येत नाही. काहींना यात कमीपणा वाटतो, 'आपलेच पैसे ठेवून आपल्यालाच उधार?' आम्हालाही पहिल्यांदा वाटला. पण अहवालात ते इतर कार्डांसारखेच नोंदले जाते. दर महिन्याला चार-पाच हजारांची खरेदी केली आणि पूर्ण बिल वेळेत भरले. सव्वा वर्षाने, ज्या शाखेतून पेन्शन येते तिथे अर्ज केला, पेन्शनचे दाखले आणि दोन वर्षांची आयकर विवरणे जोडली. मिळाले. मर्यादा जुन्या कार्डाच्या निम्मीही नाही, पण आम्हाला पुरते. ज्येष्ठांनी पहिला अर्ज पेन्शनच्या बँकेतच करावा असे आमचे मत आहे, कारण तिला आपली आवक समोर दिसते. मॉलमध्ये "साब, लाइफटाइम फ्री है, बस एक साइन होना" म्हणणाऱ्या मुलाकडे नव्हे. तो बिचारा त्याचे टार्गेट पुरे करतो, आपल्या अहवालात मात्र आणखी एक चौकशी वाढते.

अहवालात दुरुस्ती झाल्याबरोबर दुसऱ्या दिवशी अर्ज करू नये. जानेवारी 2025 मध्ये बँकांना दर पंधरवड्याला माहिती पाठवणे बंधनकारक झाले. महिनाभर थांबावे, अहवाल पुन्हा पाहावा, मगच अर्ज करावा. त्याच बँकेचे कार्ड परत घेत असाल तर बंद केल्यापासून किती महिन्यांनी घेता येते, आणि जुन्या ग्राहकाला स्वागत भेट मिळते की नाही, हे अटींत पाहून घ्यावे. बहुधा मिळत नाही.

एका गोष्टीवर आम्हाला जास्त लिहावेसे वाटते. आपल्या बहुतेक घरांत मुख्य कार्ड नवऱ्याच्या नावे आणि बायकोकडे अॅड-ऑन कार्ड असते. आमच्या ओळखीच्या एका वहिनी वीस वर्षे असे कार्ड वापरत होत्या. घरचा सगळा व्यवहार त्याच पाहायच्या, बिल एकदाही चुकले नाही. यजमान गेल्यावर मुख्य कार्ड बंद झाले आणि त्याबरोबर त्यांचेही. स्वतःच्या नावाने अर्ज केला, तर बँकेच्या लेखी त्या पहिल्यांदाच दारात आलेल्या. फॅमिली पेन्शन होती, घर होते, पण त्यांची म्हणून परतफेडीची नोंद नव्हती, कारण अॅड-ऑनच्या बिलाची जबाबदारी मुख्य कार्डधारकाची असते. दुःखाच्या त्या दिवसांत विमानाचे तिकीट काढायलाही त्यांना भाच्याला विचारावे लागले. हे वाचणाऱ्या पुरुष सभासदांना विनंती, की दोघेही धडधाकट असताना पत्नीच्या नावे स्वतंत्र, लहानसे का होईना, कार्ड घ्या. नोकरी केलेली नसेल तर तिच्या नावच्या एफडीवर घ्या. आम्ही गेल्या दिवाळीत घेतले. वही तिची होती, मान तिचाच.

आणि ज्यांना कार्ड बंदच करायचे आहे, त्यांनी खुशाल करावे. ज्याला खर्चाचा मोह आवरत नाही त्याच्या बाबतीत आम्ही स्कोअरची पर्वाही करू नका असे म्हणू. 'किमान रक्कम' भरत राहिल्यास उरलेल्यावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर व्याज बसू शकते. पण बंद करण्याआधी रिवॉर्ड पॉइंट वापरून टाका, कारण नंतर ते बुडतात. कार्डावर चालू हप्ते असतील तर उरलेली सगळी रक्कम एकदम भरावी लागेल. विम्याचा हप्ता, वीज, टीव्ही-मोबाइलचे पैसे त्या कार्डातून आपोआप जात असतील तर आधी दुसरीकडे वळवा. विनंती लेखी करा, स्वतःच्या खाजगी ईमेलवरून. बंद झाल्याचा संदेश आणि 'नो ड्यूज'चे पत्र छापून फाइलला लावा. दीड-दोन महिन्यांनी अहवालात त्या खात्यापुढे 'क्लोज्ड' आणि शून्य दिसते का पाहा. 'बंद कार्ड पुन्हा चालू करून देतो, ओटीपी सांगा' असे फोनही हल्ली येतात. बंद कार्ड फोनवरून कुणी चालू करून देत नाही, तो चोर समजावा.

कोजागिरीच्या त्या मित्राचा अहवाल आम्ही नंतर पाहिला. डाग वगैरे काही नव्हता, फक्त महिन्याभरात पाच चौकश्या आणि तीन वर्षांत एकही चालू खाते नाही. त्यांनी आता एफडीवरचे कार्ड घेतले आहे. आणखी कुणाला अहवाल वाचायला मदत हवी असेल तर दर रविवारी सकाळी साडेदहाला आम्ही मंडळाच्या वाचनालयात असतो. छापलेली प्रत आणावी. कार्डाचा क्रमांक आणि पासवर्ड मात्र घरीच ठेवावा, तो आम्हालाही सांगू नये.